सामन्याआधीची समीक्षा

२०२२ च्या गुढीपाडव्याच्या रात्री मी वहीत चार घटक लिहून ठेवले : नेमबाजी, हातून निसटणारे चेंडू, रिबाउंड आणि फ्री थ्रो. बास्केटबॉलचा निकाल याच चार गोष्टी ठरवतात, अशी मांडणी अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी केली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या शनिवार रात्री, अमेरिकी विद्यापीठांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना यांची गाठ पडायची होती. जेमतेम सोळा-सतरा किलोमीटर अंतरावरचे हे जुने वैरी या स्पर्धेत प्रथमच समोरासमोर येत होते.

त्या हंगामात त्यांचे दोन सामने झाले होते. फेब्रुवारीत ड्यूकने प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर ८७-६७ असा विजय मिळवला. मार्चमध्ये स्वतःच्या मैदानावर ड्यूक ९४-८१ असे हरले. पहिला निकाल मी पुरावा मानला. दुसरा मात्र अपवाद ठरवला, कारण त्या दिवशी प्रशिक्षक माइक शिशेफ्स्की यांचा निरोपसमारंभ होता, खेळाडू भावनेने दबले असणार! रिबाउंडच्या रकान्यात नॉर्थ कॅरोलायनाच्या अरमांडो बेकॉटचे नाव लिहूनही त्याला मी फारसे वजन दिले नाही. शेवटी लिहिले : ड्यूक जिंकेल.

सामना नॉर्थ कॅरोलायनाने ८१-७७ असा जिंकला. बेकॉटने २१ रिबाउंड मिळवले. शेवटच्या मिनिटात ड्यूकच्या मार्क विल्यम्सचे दोन्ही फ्री थ्रो हुकले आणि लगेच केलेब लव्हने तीन गुणांची निर्णायक बास्केट केली. शिशेफ्स्की यांची ड्यूकमधली बेचाळीस वर्षांची कारकीर्द तिथेच संपली.

वही पुन्हा उघडली तेव्हा ध्यानात आले, की निकष चुकले नव्हते. पुरावा निवडताना मी चुकलो होतो. त्याच महिनाअखेरीस मीही निवृत्त होणार होतो. पंचाहत्तरीतल्या त्या गुरूचा शेवट गोड व्हावा, ही इच्छा खरे तर माझी स्वतःसाठीची होती. तिला मी विश्लेषणाचा पोशाख चढवला होता. आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या निबंधांत हाच दोष मी लाल शाईने दाखवत आलो!

निवृत्तीपूर्वीच्या अखेरच्या तासाला कविता वाचण्याआधी मी मुलांना एवढेच सांगितले : या कवितेने काय म्हणावे असे तुम्हांला वाटते, ते आधी कागदावर लिहा. मग वाचा.