रिकाम्या जागा

अमेरिकेला जाऊन आलेल्या मुलीने काय सांगावे, हे लोकांनी आधीच ठरवलेले असते. मी मात्र सांगणार आहे एका कपाटाविषयी.

२०१८ च्या मे महिन्यात मावशीने मला वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये नेले. तेव्हा मी शाळेत होते. ग्रंथालयात प्रदर्शन भरते आणि त्याला तिकीटही नसते, याचेच मला नवल वाटले. एका दालनात थॉमस जेफर्सनचा ग्रंथसंग्रह गोलाकार मांडला होता. ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिश सैन्याने कॅपिटॉलची इमारत जाळली, तिच्यात संसदेचे ग्रंथालयही गेले. तेव्हा कर्जाने गांजलेल्या जेफर्सनने आपली पुस्तके देऊ केली. ६,४८७ पुस्तके, किंमत २३,९५० डॉलर. परक्या भाषांतली पुस्तके प्रतिनिधींना हवीत कशाला, असा वादही झाला. (वाद कुठे होत नाहीत!) अखेर १८१५ मध्ये खरेदी झाली. पुढे १८५१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी पुन्हा आग लागली आणि त्यातली सुमारे दोन-तृतीयांश पुस्तके जळाली.

प्रदर्शनात जेफर्सनच्या स्वतःच्या पुस्तकांना हिरवी फीत होती. नंतर शोधून विकत आणलेल्या प्रतींना सोनेरी. जी मिळालीच नाहीत, त्यांच्या जागी नुसत्या पेट्या.

"दुसरी पुस्तके ठेवायची की!" मी म्हणाले. मावशी नुसती हसली.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, सांगलीच्या आमच्या घरात कृष्णेचे पाणी शिरले. आजोबांच्या कपाटाचे खालचे तीन कप्पे पाण्यात गेले. पाणी ओसरल्यावर पुस्तकांचा लगदा मीच घमेल्यात भरून रस्त्यावर टाकला. एकही नाव वाचून पाहिले नाही. घाई होती, वास सोसवत नव्हता, हे खरे. पण नावे वाचली नाहीत, हेही खरेच.

त्या पेट्या का ठेवल्या होत्या, ते मला मग कळले. संग्रहात काय काय होते याची जुनी यादी तिथे शिल्लक होती, म्हणून काय गेले हे त्यांना दाखवता आले. आमच्याकडे यादी नव्हती. आता रोज संध्याकाळी आजोबा आठवून सांगतात आणि मी वहीत उतरवते. एकशे बारा नावे झाली. कधी अर्धेच नाव आठवते, कधी फक्त मुखपृष्ठाचा रंग, तोही लिहिते.

परवा आईने पाहुण्यांच्या कपबशा त्या खालच्या कप्प्यात लावायला काढल्या. आजोबा काहीच बोलले नाहीत.

मी म्हणाले, "आई, तिथे नको."