कॅमेऱ्याचा संन्यास

रंग लावायला पैसे पडतात, हे मला ठाऊक होतं. स्वारगेटजवळच्या आमच्या तीन खोल्यांना आठ-दहा वर्षांनी एकदा रंग देताना मी ते मोजलेले आहेत. पण रंग घालवायलाही पैसे पडतात, आणि ते लावण्यापेक्षा जास्त पडतात, हे ज्ञान मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी भाच्याकडून झालं. वाणिज्य शाखेत हा धडा नव्हता. मालात जितकं जास्त घालाल तितकी किंमत जास्त, असं आम्ही घोकलं होतं. आणि इथे जर्मनीची लायका कंपनी २०१२ साली ‘एम मोनोक्रोम’ नावाचा कॅमेरा काढते, त्याला रंग म्हणून दिसत नाही, आणि लोक त्यासाठी काही लाख रुपये मोजतात! २०२३ साली पेंटॅक्सनेही तसाच एक काढला, तोही आपल्या रंगीत जुळ्या भावापेक्षा महाग. बिनसाखरेच्या चहाला दोन रुपये जास्त मागणाऱ्या हॉटेलवाल्याला मी उगीच नावं ठेवत होतो. तो काळाच्या पुढे होता, एवढंच.

भाचा नोकरीसाठी आमच्याकडे राहतो. त्याच्याजवळ काही लाख नसल्यामुळे त्याने बारा मेगापिक्सेलचा एक जुना, वापरलेला कॅमेरा आणला आणि रात्री जेवताना जाहीर केलं, “मामा, मी याचे रंग खरवडणार आहे.”

आमच्या हिने काही न बोलता भांडी घासायची तारेची घासणी त्याच्यापुढे ठेवली.

“पण मोबाइलमध्ये त्याचं बटण असतं की,” मी म्हणालो. “दाबलं की काळं-पांढरं. पुन्हा दाबलं की रंगीत. फुकट.”

“मामा, ते खोटं काळं-पांढरं,” भाचा म्हणाला. “आधी रंग अंदाजाने बनवायचे आणि मग पुसायचे.”

‘अंदाजाने’ हा शब्द ऐकून मी घास खाली ठेवला. बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला हा शब्द जेवणात खड्यासारखा लागतो.

त्याने जे समजावलं ते मला पटकन कळलं, कारण तो प्रकार आमच्या घरात होऊन गेलेला आहे. १९८२ साली, एशियाडच्या वर्षी, दूरदर्शन रंगीत झालं. पण आमचं घर झालं नाही. वडील एसटीत, स्वारगेट आगारात. पगाराला रंग झेपत नव्हता. पुढे कित्येक वर्षं आमच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीच्या काचेवर एक प्लॅस्टिकचा कागद लावलेला असे. वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. शेत दाखवलं की आकाश निळं, गवत हिरवं, सगळं कसं बिनचूक. पण बातम्या देणाऱ्या बाई आल्या की कपाळ निळं, गाल तांबूस आणि हनुवटी हिरवी. दिल्लीची हवा त्यांना मानवत नसावी, असं आजीचं मत होतं.

तर डिजिटल कॅमेऱ्याच्या पोटात तोच कागद आहे. आत जो सेन्सर असतो तो मुळात काळा-पांढराच. कुठल्या ठिपक्यावर किती उजेड पडला, एवढंच त्याला कळतं. कुठल्या रंगाचा पडला, ते कळत नाही. म्हणून प्रत्येक ठिपक्यावर एकेक रंगीत खिडकी बसवलेली असते. एका ओळीत हिरवी-तांबडी-हिरवी-तांबडी, पुढच्या ओळीत निळी-हिरवी-निळी-हिरवी. एकूण निम्म्या हिरव्या, पाव तांबड्या, पाव निळ्या. माणसाच्या डोळ्याला बारकावे हिरव्यात जास्त समजतात, म्हणून हिरव्याला बहुमत. ही युक्ती कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर या शास्त्रज्ञाची. १९७६ साली तिचं पेटंट मिळालं आणि आज बहुतेक सगळ्या मोबाइलांत आणि कॅमेऱ्यांत तीच चालते.

इथपर्यंत ठीक. आता हिशेब बघा. रंगीत चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे लागतात: तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. पण खिडकी एकच, म्हणून मोजलेला आकडाही एकच. उरलेले दोन कॅमेरा शेजारच्या ठिपक्यांना विचारून भरतो. भाच्याच्या कॅमेऱ्यात ठिपके एक कोटी वीस लाख. आकडे हवेत तीन कोटी साठ लाख. त्यांतले मोजलेले एक कोटी वीस लाख, आणि बाकीचे दोन कोटी चाळीस लाख शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून! आमच्या शाखेत तीन खात्यांपैकी दोन खात्यांची शिल्लक शेजारच्या खातेदारांना विचारून लिहिली, तर ऑडिटर काय करील? आणि अशा चित्रात आपण मुलीच्या लग्नाचा शालू पाहतो, आणि शपथेवर सांगतो की हाच तो रंग.

ती खिडक्यांची जाळी काढून टाकली की प्रत्येक ठिपका स्वतः मोजलेलं तेवढंच लिहितो. रंग जातो, पण बारकावा वाढतो. शिवाय त्या रंगीत खिडक्या बराचसा उजेड गिळत असतात, तोही वाचतो. म्हणजे मिळकत कमी आणि शिल्लक जास्त. माझ्या पगारात हे कोणी करून दाखवील तर मी त्याच्या पायांवर डोकं ठेवीन.

गंमत म्हणजे पहिला डिजिटल कॅमेरा असाच संन्यासी होता. १९७५ साली त्याच कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन या तरुण इंजिनिअरने तो जुळवला. वजन साडेतीन किलोंच्या वर, ठिपके फक्त दहा हजार, आणि एक काळं-पांढरं चित्र कॅसेटच्या टेपवर उतरायला तेवीस सेकंद. त्या कॅमेऱ्याला पुढे संसारात ओढलं, रंग लावले, लहान केला, मोबाइलात कोंबला. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात लायकाने रंग काढून टाकलेला कॅमेरा जाहीर केला. आमच्या पुण्याला हे ऐकून आश्चर्य वाटायला नको. ‘प्रभात’वाल्यांनी १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करायचा घाट घातला होता, छपाई थेट जर्मनीत. पण रंग मनासारखे उतरले नाहीत. तीन वर्षांनी त्यांनी ‘संत तुकाराम’ मुकाट्याने काळा-पांढरा काढला, आणि तुकोबांचं उपरणं कोणत्या रंगाचं होतं, हे आजवर एकाही प्रेक्षकाने विचारलेलं नाही.

भाच्याच्या बेताला घरातून विरोध झाला तो आईचा. तिचं म्हणणं सरळ होतं. “आमच्याकडे रंग नव्हते म्हणून आम्ही काळं-पांढरं काढलं. तुला काय कमी आहे? आणि एकदा खरवडल्यावर परत येणार का ते?”

“नाही, आजी.”

“मग?”

या ‘मग’ला भाच्याजवळ उत्तर नव्हतं. इंजिनिअरिंगमध्ये हा धडा नसावा.

शस्त्रक्रिया रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर झाली. आधी सरावासाठी आणलेला एक बंद पडलेला कॅमेरा पहिल्या अर्ध्या तासात कामी आला. सेन्सरच्या कडेने केसाहून बारीक सोन्याच्या तारा असतात. त्यांतली एक जरी तुटली तरी कारभार आटोपला. भाच्याने सात तोडल्या. दुसऱ्या वेळी मात्र त्याने श्वास रोखून काम केलं. इवले इवले स्क्रू (ते हिने ओवाळणीच्या तबकात ठेवले), फितीसारख्या वायरी, मग सेन्सर. त्यावरची काच गरम हवा देऊन सैल केली. मग बोथट लाकडी काडीने, कडेच्या तारांना न शिवता, तो रंगीत थर हळूहळू खरवडायचा. त्या थरावर प्रत्येक ठिपक्याचं एकेक सूक्ष्म भिंग असतं, तेही सोबत जातं, म्हणजे वाचलेल्या उजेडातला काही भाग तिथे परत खर्ची पडतो. अशी किरकोळ वजावट सगळ्याच व्यवहारांत असते. चार तास पंखा बंद होता. एका कोपऱ्यात नखाएवढा थर तसाच राहिला. तिथे हात लावायचं धैर्य त्याला झालं नाही, आणि मी त्याला सल्ला दिला नाही.

एवढं करून कॅमेरा जुळवला तर नवीन अडचण. रंग गेले, पण कॅमेऱ्याला ते कोणी कळवलेलं नव्हतं. आतला संगणक पूर्वीसारखाच शेजाऱ्यांना विचारून रंग भरत बसला आणि चित्रावर बारीक चौकटी उमटल्या. निवृत्त झालेले साहेब शाखेत येऊन जुन्या सवयीने सह्या करू लागतात, तसं. शेवटी सेन्सरने मोजलेले कच्चे आकडे तसेच उचलून घेणारा एक प्रोग्रॅम भाच्याने शोधला, तेव्हा साहेब घरी गेले.

संध्याकाळी आम्ही स्वारगेट स्टँडवर चाचणीला गेलो. आता २०२४ पासून तिथे जमिनीच्या पोटातून मेट्रोही धावते. त्यामुळे गर्दी वर, खाली आणि मध्ये, अशी तीन मजली आहे. चित्रं पाहून मी थक्क झालो. कंडक्टरच्या बोटांच्या सुरकुत्या, फलाटावरच्या पोत्याची वीण, खिडकीत झोपलेल्या पोराच्या पापण्या, सगळं मोजून घ्यावं असं. चौकातल्या वाढदिवसाच्या फलकांचे भगवे, निळे, हिरवे सगळे एकाच राखाडीत आलेले. एवढी सर्वपक्षीय एकजूट मी जन्मात पाहिली नव्हती. सिग्नलचा तांबडा आणि हिरवाही सारखाच दिसत होता. पुण्यातल्या दुचाकीवाल्यांना तो आधीपासूनच तसा दिसतो, त्याचं शास्त्रीय कारण मला त्या दिवशी मिळालं.

फक्त लालपरी राखाडी झाली होती, आणि ते मला जरा लागलं. भाचा म्हणाला, “मामा, भिंगापुढे तांबडी काच धरली की ती उजळ येईल, निळी धरली की काळीभोर.” म्हणजे पदरचे पैसे घालून रंगीत काच काढायची, आणि पुन्हा पदरचे पैसे घालून रंगीत काच लावायची! पण जुन्नरजवळ गिरवलीला ‘आयुका’ची दोन मीटर आरशाची दुर्बीण २००६ पासून आहे, तिथले शास्त्रज्ञही काळ्या-पांढऱ्या कॅमेऱ्यापुढे एकेक रंगाची काच धरूनच ताऱ्यांचा उजेड मोजतात, असं त्याने सांगितल्यावर मी गप्प बसलो. ताऱ्यांच्या हिशेबात आम्ही लक्ष घालत नाही.

घरी आईने ते एसटीचं चित्र बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “हिचा लाल कोणाला कळणार पुढे? तुझे वडील सांगायचे, १९४८ साली पुणे-नगर पहिली गाडी सुटली ती निळी होती, वरून रुपेरी. त्यांनी सांगितलं म्हणून मला ठाऊक. फोटोत थोडंच दिसतं?”

मला एकदम भिंतीवरचा त्यांच्या लग्नाचा फोटो आठवला. १९७४ सालचा, काळा-पांढरा. त्यातला शालू आई म्हणायची अंजिरी, आणि वडील म्हणायचे जांभळा. चाळीस वर्षं हा वाद चालला. पाहुणा आला की त्याला फोटोखाली उभं करून कौल मागायचे. माझ्या बहिणीच्या लग्नाचे चारशे रंगीत फोटो कपाटात आहेत. त्यांतल्या एकाही साडीबद्दल कोणी कधी बोललेलं नाही. सगळं दिसतंच आहे, बोलायचं काय? वडील गेल्यापासून शालूचा विषयही बंद आहे. वादाला दोन माणसं लागतात.

आमच्या खातेवहीत रकमेच्या शेजारी ‘तपशील’ असा एक रकाना असतो. नुसत्या रकमेवरून पैसे कसले, ते कळत नाही. ते कोणीतरी लिहावं लागतं. मी फोटो भिंतीवरून काढला, उलटा केला आणि पेन घेतलं. “सांग.”

आई म्हणाली, “लिही. शालू अंजिरी, काठ सोनेरी. त्यांचा फेटा गुलाबी. मांडवाच्या झालरी हिरव्या.”

मी लिहिलं. मग वडिलांच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं म्हणून ‘अंजिरी’पुढे कंसात लिहिलं: दुसऱ्या पक्षाच्या मते जांभळा.

आईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

“राहू दे तसंच,” ती म्हणाली.