पाच आकडी मी

परवा कॅन्टीनमध्ये एका ज्युनियरने विचारलं, "दादा, तुम्ही कॅनडाचं करत होतात ना? कोड कोणता टाकला होतात?"

जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, आणि या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला एक अख्खा शनिवार लागतो. म्हणून आज बसलोय लिहायला.

'कॅनडाचं करणं' म्हणजे काय हे आमच्या मुलुंडात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. टीपॉयवर आयेल्ट्सची पुस्तकं, ट्रान्सक्रिप्टसाठी कालिन्याला फेऱ्या, आणि दिवाळीच्या फराळाला गेलं की चकलीआधी "स्कोअर किती झाला?" हा प्रश्न. आम्ही पण त्यातलेच. नवरा, बायको, एक पोर, आणि डोक्यावर टू बीएचकेचा हप्ता.

तर मुद्दा कोडचा. कॅनडाचं सरकार तुम्हाला "काय करता?" असं विचारत नाही. त्यांच्याकडे सगळ्या व्यवसायांची एक यादी आहे, एनओसी नावाची. त्यात तुमचं काम कुठे बसतं ते तुम्ही शोधायचं आणि त्याचा आकडा लिहायचा. स्किल्ड वर्करच्या अर्जात हा आकडा म्हणजे पाया. त्याच कामाचा गेल्या दहा वर्षांतला किमान एक वर्षाचा सलग अनुभव दाखवावा लागतो. पाया चुकला की वरचे मजले कितीही चकाचक असोत, उपयोग नाही.

आता माझा हुद्दा. त्या वेळी मी असोसिएट मॅनेजर होतो. आयटीत आठ-दहा वर्षं टिकलात की कधीतरी मॅनेजर हा शब्द तुम्हाला चिकटतोच. पगार वाढवण्यापेक्षा हुद्दा वाढवणं कंपनीला स्वस्त पडतं, आणि लग्नाच्या बायोडेटात बरं दिसतं. प्रत्यक्षात मी सकाळी मुलुंडहून लोकल पकडून घाटकोपरला उतरायचो, तिथून मेट्रोने अंधेरी, आणि दिवसभर जावामध्ये कोड लिहायचो. तीन पोरांचा कोड तपासायचो. बस.

जुलै २०२२ मध्ये कॅनडाच्या बंद पडलेल्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या आणि आम्ही अंधेरीतला एक एजंट गाठला. नाव सांगत नाही. गारेगार एसी, भिंतीवर मेपलचं पान. त्याने माझं ओळखपत्र बघितलं आणि म्हणाला, "सर, मॅनेजर आहात! ०२१३ टाकू. झीरो लेव्हल आहे, वजन पडतं." मला काय, गुदगुल्याच झाल्या. सही केली. रोज दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढणाऱ्या माणसाने स्वतःचा अर्ज न वाचता सही केली, हे इथे कबूल करतो.

नोव्हेंबरात गंमत झाली. १६ नोव्हेंबर २०२२ पासून कॅनडाने जुनी यादी टाकून २०२१ ची नवी यादी लागू केली. चार आकडी कोड पाच आकडी झाले. ज्यांना अजून आमंत्रण आलं नव्हतं, त्या सगळ्यांना आपल्या प्रोफाइलमध्ये नवा कोड भरणं भाग होतं. एजंटचा मेल आला: "०२१३ चं २००१२ करतो, ओके?" मी ओके लिहिणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "थांब, मला वाचू दे तरी."

बायको अकाउंट्समध्ये आहे. ती ऑडिटरच्या नजरेने वाचते. २००१२ चं वर्णन उघडून तिने एकेक ओळ विचारायला सुरुवात केली.

"विभागाचं नियोजन करतोस?"

"नाही."

"बजेट मंजूर करतोस?"

"टीमच्या टी-शर्टांचं केलं होतं."

"माणसं घेतोस, काढतोस?"

"इंटरव्ह्यू घेतो. निवडतो दुसराच."

"मग तू मॅनेजर कसा रे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ओळखपत्र होतं फक्त.

त्या रात्री आम्ही नियम नीट वाचले. हुद्द्याला तिथे किंमतच नाही. अधिकारी बघतो ते असं: कोडच्या वर्णनातलं मुख्य वाक्य तुमच्या कामाला लागू पडतं का, आणि त्याखाली दिलेल्या कामांपैकी बरीचशी तुम्ही खरोखर करत होतात का. त्यातली अत्यावश्यक कामं तर सगळीच आली पाहिजेत. पुरावा म्हणजे कंपनीचं पत्र, ज्यात हुद्दा, तारखा, पगार, आठवड्याचे तास आणि कामाचं स्वरूप, हे सगळं हवं. आणि ज्या 'वजना'साठी आम्ही भुललो होतो ते वजन नव्हतंच. नव्या कोडचा दुसरा आकडा म्हणजे टीअर, कामाला लागणाऱ्या शिक्षण-अनुभवाची पायरी. स्किल्ड वर्करला ० ते ३ सगळे चालतात. माझ्या गुणांत ० ने १ पेक्षा एक गुणही जास्त मिळत नव्हता. म्हणजे चूक फुकटची, आणि जोखीम मात्र सगळी आमची.

एजंटला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "सर, कोड कशाला बदलता? फाइलवर उगाच शंका येते. त्यापेक्षा लेटर कोडला मॅच करू. ड्राफ्ट मी देतो, तुम्ही फक्त लेटरहेड बघा."

खोटं सांगत नाही, दोन दिवस मी विचार केला. कारण आमचं एचआर कामाचं स्वरूप लिहून देत नव्हतं. "सर्टिफाइड दॅट" ने सुरू होणारं तीन ओळींचं पत्र, हुद्दा आणि तारखा, संपलं. खरं पत्र मिळवायचं तर पायपीट, खोटं पत्र टेबलावर तयार. पण कॅनडाच्या कायद्यातलं कलम ४० स्पष्ट आहे. चुकीची माहिती देऊन दिशाभूल केली असं ठरलं, तर पाच वर्षं दार बंद. आणि एजंटने काहीही भरलेलं असो, जबाबदार अर्जदारच.

रविवारी बाबांना सांगितलं. वाटलं, म्हणतील, कशाला त्या भानगडीत पडता, आहे ते काय वाईट आहे. ते म्हणाले, "माझं उलटं होतं."

बाबा भांडुपला एका कारखान्यात होते. १९८१ साली हेल्पर म्हणून लागले आणि दोन वर्षांत लेथवर उभे राहायला लागले. काम टर्नरचं, पगारपत्रकावर मात्र हेल्पर. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. साहेब म्हणायचा, तू टर्नरचं काम करतोस याला पुरावा काय? तेव्हा बाबांनी एक शंभर पानी वही केली. रोज पाळी संपली की लिहायचे: कुठला जॉब, किती नग, कुठल्या मापाला. तीन वर्षं. १९८६ मध्ये युनियनच्या सेक्रेटरीने ती वही साहेबाच्या टेबलावर ठेवली. बाबांना टर्नरची ग्रेड मिळाली, थोडाफार फरकही मिळाला.

"त्यांनी माझं काम कमी लिहिलं होतं, तुझं जास्त लिहिलंय," बाबा म्हणाले. "तू आपली वही काढ."

माझी वही म्हणजे गिट लॉग, दुसरं काय! सोमवारी बसून मागच्या वर्षभराच्या नोंदी काढल्या. कॅलेंडर शेजारी ठेवलं. बघतो तर बहुतेक दिवस नवा कोड लिहिण्यात, जुना दुरुस्त करण्यात आणि टेस्टिंगमध्ये गेलेले. मग नव्या यादीतले दोन कोड समोर ठेवले. २१२३१ म्हणजे सॉफ्टवेअर इंजिनियर आणि डिझायनर. ते संशोधन करतात, रचना ठरवतात, मूल्यमापन करतात. २१२३२ म्हणजे सॉफ्टवेअर डेव्हलपर आणि प्रोग्रामर. ते कोड लिहितात, बदलतात, जोडतात, तपासतात. मला अर्थातच पहिला हवा होता. पदवीवर इंजिनियर लिहिलंय हो! पण लॉग बघून बायको हसली. सिस्टिमची रचना ठरवायचा आमचा आर्किटेक्ट, मी ती बांधायचो.

२१२३२. पटायला एक चहा लागला.

आपल्याकडे हा कोड आडनावातच असायचा. सुतार, कुलकर्णी, पोतदार. आमच्या टीममधला पोतदार चहाचे पैसेसुद्धा यूपीआयने देतो, नाणं पारखायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. पण आडनाव काही तो बदलत नाही. कागद आणि काम यांची फारकत आपल्या इतकी अंगवळणी पडलीय की त्यात काही चुकतंय असं वाटतच नाही.

असो. पुढचं सोपं नव्हतं, पण सरळ होतं. आमंत्रण यायच्या आधी प्रोफाइलमधला कोड आपल्यालाच बदलता येतो, तो बदलला. मुख्य व्यवसायातही आणि नोकऱ्यांच्या इतिहासातही, कारण कोड दोन्हीकडे असतो आणि लोक एकीकडे विसरतात. (आमंत्रण आल्यावर चूक दिसली, तर ते नाकारून पुन्हा रांगेत जाता येतं. अर्ज गेल्यावर दिसली, तर वेब फॉर्मवरून स्वतःहून लेखी कळवायचं. लपवायचं नाही.) एचआरचं तीन ओळींचं पत्र घेतलं. कामाचं स्वरूप माझ्या साहेबांकडून वेगळं लिहून घेतलं. ते म्हणाले, "अरे, आम्ही तुला मॅनेजर केलं, आणि तू डेव्हलपर म्हणून लिहून मागतोयस?" पण दिलं. कंपनी असं पत्र का देत नाही याचा खुलासा मी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर केला आणि नोटरी करून घेतला. एजंटला रामराम. भरलेले पैसे अर्थातच परत आले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, मग गेलात का? नाही. माझा स्कोअर ४६३. मार्च २०२३ च्या शेवटी एक फेरी ४८१ पर्यंत खाली आली, तेव्हा घरात दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोलत नव्हतं. मग माझा वाढदिवस आला. तिशीनंतर चाळिशीपर्यंत दर वाढदिवसाला, जोडीदार सोबत असेल तर, पाच गुण जातात. केक आणला होता, पण आधी स्कोअर बघितला. बारा महिन्यांची मुदत संपली आणि प्रोफाइल आपोआप बंद झालं. आम्ही पुन्हा काढलं नाही.

वाईट वाटलं, वाटतंही. पण ती वर्षभराची यादी केल्यावर एक झालं. साहेबांकडे जाऊन म्हटलं, मला रचनेचं काम द्या, हुद्दा नको. तीन महिने टाळाटाळ करून त्यांनी एक मॉड्यूल दिलं. आज माझा लॉग बघितलात तर कदाचित २१२३१ निघेल. कॅनडाने विचारलेलं नाही, पण निघेल.

ज्युनियरला मी कोड सांगितलाच नाही. त्याचा हुद्दा सीनियर कन्सल्टंट आहे आणि तो दिवसभर टेस्टिंग करतो. त्याला म्हटलं, एक महिना रोज संध्याकाळी काय केलंस ते लिही, मग यादी उघडू. तो "बरं" म्हणाला, पण तोंड वाकडं केलं.

सोमवारी भेटेल तेव्हा विचारतो, किती पानं झाली.