पाहुण्या संघाचा मुक्काम : फ्रान्सच्या खेड्यात

फ्रान्स म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पॅरिस आणि आयफेल टॉवर उभा राहतो. पण त्या देशात गावे आणि शहरे मिळून सुमारे ३५ हजार कम्युन आहेत. कम्युन म्हणजे आपल्याकडची ग्रामपंचायत किंवा नगरपालिका समजा. यांतील बहुसंख्य कम्युनची लोकसंख्या दोन हजारांच्याही आत आहे. अशा लहान लहान गावांतूनही फुटबॉलचे मैदान दिसते, नैर्ऋत्येकडे गेले तर रग्बीचे दिसते. सुट्टीच्या दिवशी एका गावचा संघ दुसऱ्या गावी खेळायला जातो. मग तिथेही तेच प्रश्न उभे राहतात, जे आपल्या कबड्डीच्या मुलांपुढे असतात. जायचे कसे? झोपायचे कुठे? आणि जेवायचे कोणाच्या पंगतीला?

या प्रश्नांशी आपल्या महाराष्ट्राचाही संबंध आला आहे. २०२४ सालचे ऑलिम्पिक पॅरिसचे म्हणून ओळखले जाते, पण नेमबाजीच्या स्पर्धा पॅरिसमध्ये झाल्याच नाहीत. त्या झाल्या पॅरिसच्या दक्षिणेला सुमारे २७० किलोमीटरवर, शातोरू या शहराला लागून असलेल्या देओल गावी. शातोरूच्या चारी बाजूंना शेती आणि गुरांची कुरणे आहेत. पॅरिसच्या ऑस्टरलित्झ स्टेशनातून तुलूझच्या दिशेने निघालेली गाडी साधारण दोन तासांत तिथे पोहोचते. भारतीय नेमबाजांचा संघ त्याआधी सरावासाठी व्होल्मरांज-ले-मीन या गावी राहिला होता. हे गाव लक्झेंबर्गच्या सीमेवर आहे आणि त्याच्या नावातच खाणी आहेत. लोखंडाच्या खाणीत राबणाऱ्या कामगारांचा हा मुलूख. पुढे १ ऑगस्ट २०२४ रोजी देओलच्या मैदानात कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या वेळी तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. रेल्वेतील आपल्या कितीतरी कुटुंबांना त्या दिवशी आपल्याच घरातला मुलगा जिंकल्यासारखे वाटले असेल.

ऑलिम्पिकच्या संघाची व्यवस्था सरकार पाहते. गावच्या संघाचे काय? फ्रान्समध्ये गावचे क्लब बहुतेक करून १९०१ सालच्या संस्था-कायद्याखाली नोंदवलेले असतात. दोन माणसे एकत्र आली तरी अशी संस्था काढता येते. कामे करणारे बहुतेक लोक बिनपगारी असतात. जवळच्या सामन्याला मुलांचे आईबाप आपापल्या मोटारीत चार-चार पोरे बसवून नेतात. थोडे लांब जायचे असेल तर नऊ आसनांची छोटी गाडी काढतात. नऊच आसने का? कारण चालक धरून नऊ माणसांपर्यंतची गाडी साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते, वेगळा चालक ठेवावा लागत नाही. म्हणजे कुणाचा तरी बाप किंवा आई चालक होते आणि पैसे वाचतात. गाडीच्या अंगावर गावच्या बेकरीवाल्याची किंवा गवंडीकाम करणाऱ्याची जाहिरात रंगवलेली असते. तो खर्चाला हातभार लावतो.

मोठी बस केली तर चालकाचे नियम कडक आहेत. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटे विश्रांती घ्यावीच लागते आणि दिवसाला साधारण नऊ तासांपुढे चाक हातात धरता येत नाही. संघाला उशीर झाला तरी चालकाची झोप कापली जात नाही. आपल्याकडे एसटीत, ट्रकवर रात्रंदिवस राबणाऱ्या बांधवांना या नियमाचे मोल सांगायला नको.

मुक्कामाला हॉटेल परवडत नाही, आणि लहान गावात हॉटेल नसतेही. तिथे 'झीत' नावाची घरे असतात. जुने शेतघर, गोठा किंवा बंद पडलेली शाळा दुरुस्त करून त्यात खाटा टाकलेल्या असतात. मोठ्या झीतमध्ये एका खोलीत सहा-आठ जण झोपतात, स्वयंपाकघर सामाईक असते, चादरी बहुधा आपल्या आपण न्यायच्या आणि निघताना झाडूनपुसून द्यायचे. दुसरी सोय शाळेच्या वसतिगृहाची. सुट्टीत मुले घरी गेली की काही ठिकाणी त्याच खाटा पाहुण्या संघाला भाड्याने मिळतात. उन्हाळ्यात गावच्या कम्युनचे तंबूंचे मैदान असते, तिथे नळ आणि न्हाणीघर मिळते. व्यायामशाळेच्या फरशीवर पोरांना झोपवायचे म्हटले तर मात्र आगीच्या सुरक्षेचा प्रश्न येतो आणि आधी परवानगी काढावी लागते. पाहुण्यांवर मुक्कामाचा छोटा कर असतो, पण अठरा वर्षांखालील मुलांना तो माफ आहे.

ही व्यवस्था आभाळातून पडली नाही. १९३६ साली फ्रान्समध्ये कामगारांनी कारखान्यांतून मोठा संप केला. त्या वेळच्या लोकआघाडी सरकारने वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली. लेओ लाग्रांज या तरुण मंत्र्याकडे खेळ आणि फुरसत ही खाती होती. त्याने रजेवर जाणाऱ्या कामगारांसाठी रेल्वेच्या तिकिटात ४० टक्के सूट मिळवून दिली. ज्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता अशी कामगार कुटुंबे प्रथमच गाडीत बसली. तरुणांची स्वस्त वसतिगृहे त्याआधी, १९२९ पासूनच सुरू झाली होती. झीतची गोष्ट महायुद्धानंतरची. डोंगरातली गावे ओस पडत होती, पोरे शहराकडे जात होती. तेव्हा १९५१ साली आल्प्सच्या दक्षिण भागातील तोराम-ओत या गावी पहिले झीत उघडले. शहरातल्या साध्या कुटुंबाला कमी पैशांत सुट्टी मिळावी आणि गावच्या शेतकऱ्याला चार पैसे मिळावेत, असा त्यामागे दुहेरी विचार होता.

या सगळ्याचे मोठे रूप पाहायचे तर पिरेनीज डोंगरातल्या फाँ-रोमूला जावे. १९६८चे ऑलिम्पिक मेक्सिको शहरात, समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवर होणार होते. तिथली विरळ हवा फ्रेंच खेळाडूंच्या छातीला सोसावी म्हणून सुमारे १,८५० मीटर उंचीवर हे सराव केंद्र बांधले. उंचीवर राहिले की रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात आणि दम टिकतो. केंद्राच्या आवारातच शाळा आहे, त्यामुळे खेळणाऱ्या मुलांचे शिक्षण सुटत नाही. परदेशी धावपटूही तिथे मुक्कामाला येतात. इंग्लंडची पॉला रॅडक्लिफ आणि मो फारा तिथल्याच वाटांवर धावले. त्या पठारावर मीटर गेजची, विजेवर चालणारी पिवळी आगगाडी चढते. मार्ग ६३ किलोमीटरचा. वाटेतले बोल्केर-एन हे स्टेशन १,५९३ मीटरवर आहे. फ्रेंच रेल्वेचे हे सर्वांत उंच स्टेशन. १९१० पासून ही गाडी डोंगरातल्या गरीब गावांना खालच्या मुलखाशी जोडते आहे.

आता पंगतीचे. रग्बीत सामन्याचे दोन भाग असतात, पण फ्रान्समध्ये 'तिसरा भाग' म्हणून एक रीत आहे. सामना संपला की यजमान क्लब पाहुण्यांना जेवू घालतो. तासाभरापूर्वी एकमेकांना मातीत लोळवणारे एकाच लांब टेबलावर बसतात. (तिथे दारूही चालते. पंचशील पाळणाऱ्याने फळांचा रस मागितला तर तो मिळतो.) ही रीत वाचताना आपल्याला पळवणकर बाळू आठवल्याशिवाय राहत नाहीत. पुण्यात हिंदू संघासाठी गोलंदाजी करणाऱ्या या चांभार खेळाडूला चहा मात्र तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे आणि जेवायला वेगळे बसवले जाई. तेच बाळू १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले आणि त्यांनी ११४ बळी घेतले. चेंडूला विटाळ नव्हता, पेल्याला होता.

फ्रान्स म्हणजे स्वर्ग आहे असे मात्र कुणी समजू नये. अरबी किंवा आफ्रिकी नाव असलेल्या माणसाला भाड्याचे घर मिळताना त्रास होतो, हे तिथल्याच पाहण्यांतून पुढे आले आहे. काळ्या खेळाडूंना मैदानात शिवीगाळ झाल्याचे प्रसंगही घडले आहेत. खेड्यांतले कितीतरी लोहमार्ग बंद झाले, त्यामुळे ज्याच्याकडे मोटार नाही त्याचे पोर संघाबाहेर राहण्याची भीती तिथेही आहे.

तिथल्या गावोगावच्या कम्युनच्या कचेरीवर स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन शब्द कोरलेले दिसतात. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले होते की ही तत्त्वे आपण फ्रेंच क्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. आणि त्यांनी ती भाषणापुरती ठेवली नाहीत. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह उघडले, कारण खेड्यातल्या पोराला शहरात पाठ टेकायला जागा नसेल तर शाळेचे दार उघडे असूनही तो शिकणार नाही, हे ते जाणून होते. खेळाचेही तसेच आहे. मुलीच्या अंगात कितीही चपळाई असो, तालुक्याच्या गावी रात्री सुरक्षित झोपायची सोय नसेल तर आई तिला पाठवणार नाही, आणि तिचे काही चुकले असेही म्हणता येणार नाही.

म्हणून आपल्या वस्तीच्या विहाराशेजारी किंवा समाजमंदिरात एक खोली पाहुण्या संघासाठी राखता येईल का, याचा मंडळांनी विचार करावा. दहा-बारा गाद्या, पिण्याचे पाणी, आतून कडी लागणारे न्हाणीघर आणि मुलींच्या संघाबरोबर रात्री थांबणाऱ्या दोन वडीलधाऱ्या बाया एवढे जमले तरी पुरे. जेवणाला घरटी दोन भाकऱ्या गोळा होतील. संघ कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा हे न विचारता सगळ्यांना एका पंगतीला बसवावे. ज्यांना एकेकाळी तंबूबाहेर चहा मिळाला, त्यांच्या दारातून कोणताही खेळाडू उपाशी किंवा वेगळा बसून जाऊ नये.