नोटेची घडी

ढोकी

चि. बाळास,

तुझं पत्र वाचून ऊर भरून आला. नजर गेलेल्या एकट्या म्हाताऱ्या माणसांकडे दर आठवड्याला जायचं ठरवलंस, हे तुझ्या आजोबांना शोभेल असंच केलंस. पण ‘त्यांची सगळी कामं मीच करून देईन’ हे काही मला पटलं नाही. तू विचारलंस एवढंच की जाताना सोबत काय न्यावं. काही नेऊ नकोस. फक्त त्यांच्या हातातलं काम काढून घेऊ नकोस.

उतारवयात नजर जाते, हातांची सवय जात नाही. जन्मभर भाकरी थापलेल्या बाईला पिठाचा अंदाज घ्यायला डोळे लागत नाहीत. तिचं अडतं ते कुणीतरी मिठाचा डबा हलवला म्हणून. मग घरचे म्हणतात, ‘तू आता बसून राहा.’ पैशाचंही तेच. शंभराची नवी नोट १४२ मिलिमीटर लांब, दोनशेची १४६. रुंदी दोन्हींची ६६च. कडेला उठावाच्या रेघा आहेत खऱ्या, पण मऊ पडलेल्या नोटेवरच्या रेघा खुरप्यानं घट्टे पडलेल्या बोटांना कशा लागाव्यात? रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्ये नोट ओळखणारं ‘मनी’ ॲप काढलं, पण साधा फोन असलेल्या आजींना ते काय कामाचं! निराधार योजनेचे पैसे मग दुसरंच कुणी मोजतं. उद्या तू मोजलेस, तर मोजणारं माणूस तेवढं बदलेल. त्यापेक्षा दुकानदार नोट सांगेल तशी तिथल्या तिथं घडी घालायला शिकव: शंभराच्या नोटेला एक घडी, दोनशेच्या नोटेला दोन, पाचशेच्या नोटेला लांबीत उभी.

यात वेळ जातो म्हणशील. जाऊ दे, घाई असेल तर त्या घरी जाऊच नकोस. चुलीपाशी भाजेल ही भीती खरी आहे, म्हणून सुरुवात विस्तवापासून लांबच्या कामानं कर, शेंगा फोडणं, धान्य निवडणं. आणि ‘खेड्यात एकटं कोण असतं?’ असं कुणी म्हणालं, तर गळीत हंगामात सकाळी नऊनंतर आपल्या गल्लीत फिरून बघ म्हणावं. भरल्या घरातही म्हाताऱ्यांना ‘जेवलात का?’ यापलीकडे कोण काय विचारतं?

एक मात्र आधी विचार: डोळे दाखवलेत का? २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे आढळलं. त्यातल्या बहुतेकांना शस्त्रक्रियेनं दिसू लागतं. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. दिसू शकेल अशा माणसाला घड्या शिकवत बसलीस, तर मला फार वाईट वाटेल.

आणि दोनच घरं धर गं. तुझी परीक्षा येईल, पुण्याला जाणं निघेल. त्यांना कॅलेंडर दिसत नाही, ती सकाळपासून चाहूल घेत बसतील. यायला जमणार नसेल तर आधीच्या भेटीतच सांग, आणि तुझ्या जागी कोण जाईल तेही मला आत्ताच कळव.

तुझा काका