काळी दिसली म्हणून कडकनाथ होत नाही

कोंबडी म्हणजे आपल्या घरचा बटवा. पोराची वही आणायची असो की औषधाला पैसे कमी पडोत, अंडी विकून वेळ निभावते. म्हणून या व्यवहारात कोणी फसवले की जिवाला लागते.

आमच्या वस्तीत आम्ही दहा-बारा घरे कोंबड्या पाळतो. मध्यंतरी दारावर ‘अस्सल कडकनाथ’ म्हणून पिले विकणारा आला. शेजारच्या एका विधवा बहिणीने बचत गटाचे कर्ज काढून, गावरान पिलाच्या तिप्पट दाम मोजून वीस पिले घेतली. पाच महिन्यांनी निम्म्यांचे तुरे लालभडक झाले, पाय पिवळे पडले. विकणारा पुन्हा फिरकला नाही. कर्जाचे हप्ते मात्र दर महिन्याला होतेच. तेव्हापासून आम्ही सगळ्यांनी मिळून पारख शिकून घेतली.

कडकनाथ हे मध्य प्रदेशातील झाबुआ, धार भागातले वाण. भिल्ल, भिलाला आदिवासींनी ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव झाले, भाव वाढला, तसे नावावर विकणारेही वाढले. २०१९ मध्ये सांगलीकडे कडकनाथ पालनाच्या योजनेत कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे अडकले.

पारख करताना पिसांवर जाऊ नये. सोनेरी झाक किंवा रेघा असलेला कडकनाथही अस्सल असतो, आणि निव्वळ काळी पिसे तर कोणत्याही कोंबडीला येतात. चोच उघडून जीभ पाहा, पंखाखालची पिसे सारून कातडी पाहा, पाय उलटून तळवा पाहा. तुरा, जीभ, कातडी, तळवे सगळे काळपट किंवा जांभळट हवे. अंडे मात्र काळे नसते, फिकट तपकिरी असते. काळे अंडे दाखवणारा खोटे बोलतो.

एवढ्यानेही काम भागत नाही. कडकनाथ कोंबडा आणि साधी कोंबडी यांची पिलेही पुष्कळदा काळीच निघतात. भेद उघडा पडतो पुढच्या पिढीत. एक पिलू काळे, दुसरे पांढऱ्या कातडीचे, तिसरे लाल तुऱ्याचे. अस्सल वाण पिढीमागून पिढी सारखेच उतरते. म्हणून पिले घेण्याआधी त्यांचे आईबाप पाहावेत. जो खुराडा दाखवत नाही त्याच्याकडून आम्ही घेत नाही.

मात्र ‘शुद्ध’ म्हणजे थोर आणि ‘संकरित’ म्हणजे हलके, असा अर्थ आपण तरी काढू नये. हैदराबादच्या संशोधन संस्थेची वनराजा, बंगळूरूची गिरिराज या संकरातूनच आल्या. त्या गावरानपेक्षा वजनाला भारी आणि अंड्यांनाही जास्त. पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत, आणि त्यांची पिले आईसारखी उतरतीलच असे नाही. पिले पुन्हा केंद्रातूनच आणावी लागतात. ज्यांना घरीच पिले काढायची आहेत त्यांनी गावरान ठेवावी. ज्यांना अंडी विकायची आहेत त्यांनी संकरित खुशाल घ्यावी, पण संकरित म्हणून आणि संकरितच्या भावाने.

आमच्या गटाने आता एक नियम केला आहे. पिले घेताना कागदावर वाणाचे नाव, संख्या, किंमत आणि विकणाऱ्याची सही घ्यायची. सही द्यायला कां कूं करणाऱ्याला दारातूनच परत पाठवायचे. लिहिता-वाचता येणारी एक तरी मुलगी प्रत्येक घरात आहे. हे काम तिच्याकडे द्यावे.