बंडीच्या फळ्यांचा तिरंगा

झडीनं चार दिवस घरी बसवलं. गोठ्यात वडिलांची जुनी बंडी पडून होती. बैल विकून सहा वर्षं झाली. पोरगा म्हणाला, "बाबा, सरपणात टाकू काय?" मले बरं नाही वाटलं.

सागाच्या तीन चांगल्या फळ्या निघाल्या. आधी सगळे खिळे उपटले, नाहीतर रंध्याचं पातं जाते. ध्वजाचं माप 3:2, म्हणून लांबी 36 इंच, उंची 24, एकेक पट्टा 8 इंचाचा. मागून दोन उभ्या पट्ट्या स्क्रूनं कसल्या. चक्राचे आरे अंदाजानं काढले, तर 23 भरले! झेंड्यासाठी 1923 मध्ये नागपूरच्या सत्याग्रहात आपल्या वर्ध्याचे जमनालाल बजाज तुरुंगात गेले. तेव्हा त्यावर चरखा होता, आता चक्र आहे. त्यात एक आरा कमी कसा चालेल? पुसलं, नातीचा कोनमापक घेतला. 360 भागिले 24, दर 15 अंशावर एक आरा.

खाली वडिलांचं नाव लिहायचं मनात होतं. पण 1971 च्या कायद्यात लाकडावर रंगवलेला तिरंगाही राष्ट्रध्वजच धरतात, अन् त्यावर काही लिहिणं म्हणजे अपमान. नाव राहू दिलं.

मात्र बंडी हाकताना वडील ज्या फळीवर बसत, ती झिजून खोलगट झाली होती. तिथं रंधा मारला नाही. ती खालच्या हिरव्या पट्ट्यात आहे. हात फिरवला की समजते.

तुमच्याकडची बंडी मोडायची असेल, तर सरपणाआधी फळ्या एकदा पाहून घ्या.